दोन बाटल्या, एकच काच: अणुकचऱ्याच्या काचेचं गरम पाण्यात काय होतं?

फोंड्यातल्या एका आंतरमहाविद्यालयीन वादविवाद स्पर्धेला मी परीक्षक म्हणून बसले होते. विषय अणुऊर्जेचा. गोव्यात हा विषय निघाला की कैगाचं अणुवीज केंद्र येतंच. काणकोण ओलांडून कारवारला उतरलं की तिथून आत, काळी नदीच्या काठी ते केंद्र आहे आणि काणकोणच्या निम्म्या घरांचे सोयरे त्या बाजूला आहेत. अनुकूल बाजूचा मुलगा ठणकावून म्हणाला, "कचरा काचेत कोंडतात, आणि काच पाण्यात विरघळत नाही." प्रतिकूल बाजूची मुलगी उठली: "गरम पाण्यात हीच काच काही आठवड्यांत कुजते. हे १९७८ मध्येच दाखवलं गेलंय." टाळ्या दोघांनाही पडल्या. गुण लिहिताना माझा हात अडला, कारण दोघांच्याही बोलण्याला आधार होता आणि दोघांचंही अर्धंच होतं.

ती मुलगी काणकोणची, आमच्याच महाविद्यालयात रसायनशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला. दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत आली ती थेट विचारत, "मॅडम, मग खरं काय?" तिच्या सोबत आणखी दोघं प्रकल्पासाठी विषय शोधत होती, एक मुलगा सावर्ड्याचा आणि एक मुलगी मडकईची. तिघांनी मिळून हाच प्रश्न घेतला. त्यातून जे झालं ते इथे सविस्तर मांडते आहे. रसायनशास्त्र शिकवणाऱ्यांना ते उपयोगी पडेल आणि कैगाबद्दल जेवणाच्या ताटावर वाद घालणाऱ्या घरांनाही.

काचच का

आधी पार्श्वभूमी. अणुभट्टीतल्या वापरलेल्या इंधनावर भारतात तारापूर, ट्रॉम्बे आणि कल्पाक्कमला पुनर्प्रक्रिया होते. युरेनियम आणि प्लुटोनियम काढून घेतल्यावर नायट्रिक आम्लातला एक अतिशय किरणोत्सारी द्राव उरतो. सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० हे त्यातले मोठे उष्णता देणारे. हा द्राव आटवून, काच होणाऱ्या पदार्थांबरोबर हजार अंशांच्या आसपास वितळवतात आणि पोलादी डब्यात ओततात. लोकांची समजूत असते की बरणीत लोणचं भरावं तसा कचरा काचेच्या भांड्यात भरलेला असतो. तसं नाही. कणकेत मीठ मळलं की ते वेगळं काढता येत नाही, तसे हे अणू काचेच्या जाळ्यातच बसतात. म्हणून काच जितकी विरघळेल तितकेच ते बाहेर येतील. सगळा हिशेब काच आणि पाणी यांच्यातल्या व्यवहाराचा आहे.

या काचेला बोरोसिलिकेट म्हणतात, आणि इथे माझ्या विद्यार्थ्यांचा पहिला गोंधळ झाला. "म्हणजे आपल्या बीकरची काच!" नाव एक, कूळ एक, पण प्रमाणं निराळी. प्रयोगशाळेतल्या बीकरमध्ये सिलिका सुमारे ८१ टक्के आणि सोडियम ऑक्साइड ४ टक्के असतं. फ्रान्समधल्या ला हाग इथल्या कचऱ्याच्या काचेत सिलिका ४५ टक्क्यांच्या आसपास, बोरॉन ऑक्साइड १४, सोडियम ऑक्साइड १०, शिवाय थोडं लिथियम, ॲल्युमिनियम, कॅल्शियम. सिलिका वाढवली तर काच पाण्याला जास्त दाद देणार नाही हे खरं, पण मग ती वितळवायला इतकं तापमान लागतं की सीझियम आणि रुथेनियमच वाफ होऊन भट्टीतून निघून जाऊ लागतात. आपल्याकडे ट्रॉम्बेच्या कचऱ्यात सल्फेट जास्त, आणि ते साध्या सोडियम बोरोसिलिकेटमध्ये नीट मुरत नाही, म्हणून तिथे बेरियम घातलेली काच वापरली गेली. म्हणजे काच ही नेहमीच तडजोड असते.

१९७८ बद्दल ती मुलगी बरोबर होती. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातल्या एका गटाने बोरोसिलिकेट काच ३०० अंश सेल्सियस आणि ३०० बार दाबाच्या पाण्यात ठेवली, आणि काही आठवड्यांत काचेचं रूपच पालटलं. या गटात रस्टम रॉय होते, रांचीला जन्मलेले. त्याच वर्षी फ्रान्समध्ये मार्कूलला कारखान्याच्या प्रमाणावर कचऱ्याची काच ओतायला सुरुवात झाली होती, त्यामुळे हा निष्कर्ष झोंबणारच होता. पण ३०० अंश ही अट वाक्यातून गाळली की वाक्य खोटं होतं. सीझियम-१३७ चं अर्धायुष्य ३० वर्षं, स्ट्रॉन्शियम-९० चं २९ च्या जवळपास. काच काही दशकं हवेने थंड ठेवून मगच पुरायची, आणि पुरल्यावरही गरम काळ संपेपर्यंत जाड धातूचं कवच पाण्याला आत येऊ देणार नाही असं पाहायचं, ही आजची आखणी त्याच काळजीतून आली आहे. म्हणून अभ्यासकांचा नेहमीचा आकडा ९० अंशांचा.

पहिला आठवडा, आणि दोन उत्तरं

खरी कचऱ्याची काच अर्थातच आमच्याकडे नव्हती, आणि नसावीच. आम्ही खिडकीची साधी काच घेतली. तिची पाण्याशी वागण्याची रीत मुळात तीच, फक्त ती लवकर हार मानते, म्हणजे विद्यार्थ्याला आठवड्याभरात काही दिसतं.

पद्धत दोन ठिकाणांहून उचलली. अणुकचऱ्याच्या काचेची एक प्रमाणित चाचणी आहे: काच कुटून ७५ ते १५० मायक्रॉनच्या चाळणीतला भाग घ्यायचा, वस्त्रगाळ धूळ धुऊन काढायची, एका ग्रॅमला दहा मिलिलिटर शुद्ध पाणी, ९० अंश, सात दिवस. मोजणीची युक्ती मात्र औषधांच्या जगातली. आमचा एक जुना विद्यार्थी कुंडईच्या एका औषध कारखान्यात गुणवत्ता तपासणीत आहे. इंजेक्शनच्या कुप्यांची काच तिथे अशीच तपासतात. काचेचे कण १२१ अंशांवर अर्धा तास पाण्यात ठेवतात आणि पाण्यात उतरलेला अल्क पातळ हायड्रोक्लोरिक आम्लाने, मिथिल रेड हा रंगदर्शक घालून मोजतात. त्याने एका रविवारी येऊन मुलांना हात बसवून दिला. "पिवळ्याचा नारिंगी झाला की थांब, गुलाबीची वाट बघू नको," हे त्याचं वाक्य मुलांनी नंतर महिनाभर एकमेकांना ऐकवलं.

बाटल्या टेफ्लॉनच्या घेतल्या, कारण काचेच्या बाटलीत काच तपासणं म्हणजे साक्षीदारालाच आरोपी करणं. एक बाटली फक्त पाण्याची, तुलनेसाठी. उरलेल्या दोन बाटल्या, एकाच पुडीतली पूड, एकच ओव्हन. एक बाटली सावर्ड्याच्या मुलाकडे, दुसरी काणकोणच्या मुलीकडे.

सात दिवसांनी दोघं माझ्यासमोर उभी राहिली ती भांडूनच आली होती. तिच्या बाटलीतून निघालेला एकूण अल्क त्याच्या जवळजवळ दुप्पट. तो म्हणत होता, हिने पूड जास्त टाकली. ती म्हणत होती, याची बाटली झाकण सैल राहून आटली. पहिल्यांदा मलाही वाटलं वीजच कारण असेल. जुलैचा पाऊस, एका रात्री वीज गेली ती पहाटे आली. पण ओव्हन दोघांचा एकच होता, वीज गेली ती दोघांची गेली.

वह्या मागवल्या आणि तिथे ते सापडलं. मुलगा रोज बाटली उघडून काचकांडीने एक थेंब घेऊन सामूच्या, म्हणजे pH च्या, कागदावर टेकवत होता, बस. मुलीला वाटलं, सामू नीट मोजायला सगळं पाणी हवं. ती रोज पूड खाली बसू द्यायची, पिचकारीने वरचं पाणी काढून वेगळं ठेवायची आणि ताजं शुद्ध पाणी भरायची. शेवटी तिने सातही दिवसांच्या पाण्यातला अल्क बेरजेत धरला. तिने बेरीज बरोबर केली होती. त्यानेही चूक केली नव्हती. त्यांनी नकळत दोन वेगळे प्रश्न विचारले होते आणि काचेने दोन्हींना प्रामाणिक उत्तरं दिली होती.

मी इतकी वर्षं हा भाग फळ्यावर शिकवत आले आहे. त्या दिवशी दोन वह्या शेजारी ठेवून तो जितका समजला तितका पूर्वी समजला नव्हता.

मडकईची मानस

दुसरा प्रयोग नीट आखला. 'तेच पाणी' या गटासाठी एकाऐवजी सात छोट्या बाटल्या, रोज एक उघडायची आणि ती संपली. 'बदललेलं पाणी' या गटाची एक बाटली, तिचं पाणी रोज त्याच वेळी काढायचं. आकडे आलेखावर मांडले तेव्हा एक रेषा सुरुवातीला झपकन चढून आडवी होत गेली. दुसरी चढतच राहिली.

घडतं ते असं. गरम पाणी काचेला लागलं की पहिल्यांदा अदलाबदल होते: पाण्यातला हायड्रोजन आत शिरतो, काचेतला सोडियम बाहेर येतो. म्हणूनच पाण्याचा सामू चढतो. त्याच वेळी पाणी सिलिकाच्या जाळ्याचे दुवे एकेक करून तोडू लागतं. पाणी ताजं असेल तर ही तोड पूर्ण वेगाने चालते. पाणी तेच राहिलं तर त्यात सिलिका साचत जाते, आणि जसजशी ती भरते तसतशी आणखी सिलिका सुटण्याची ओढ कमी होते. दरम्यान काचेच्या अंगावर, सोडियम आणि बोरॉन निघून गेलेल्या जागी, उरलेली सिलिका पुन्हा जुळून सच्छिद्र जेलीसारखा थर होतो. पाण्याला आतल्या ताज्या काचेपर्यंत जायचं तर या थरातून वाट काढावी लागते. कालांतराने ही वाट फार अरुंद होते.

हे समजावताना मी अडखळत होते. मडकईची मुलगी, जी सहसा बोलत नाही, म्हणाली, "मॅडम, हे आमच्या मानशीसारखं झालं." तिचे आजोबा खाजनातल्या, म्हणजे नदीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीवर काम केलेले; मानस म्हणजे बांधातलं पाण्याचं दार. मानशीचं लाकडी दार कुणी ओढून बंद करत नाही. ओहोटीला शेतातलं पाणी दार ढकलून नदीत जातं. भरतीला नदी चढली की नदीचंच पाणी दार दाबून मिटतं. बाहेरची पातळी वाढली की आतून बाहेर जाणं आपोआप थांबतं. रोज पाणी बदलणं म्हणजे कायमची ओहोटी. मी तेव्हापासून वर्गात मानसच सांगते. एक फरक तेवढा सांगावा लागतो: काचेचं दार पूर्ण कधी मिटत नाही, फटीतून झिरपत राहतं.

ती फट किती? फ्रेंच काचेवर हे दशकानुदशकं मोजलं गेलं आहे. ९० ते १०० अंशांच्या ताज्या शुद्ध पाण्यात तिचा सुरुवातीचा वेग दर चौरस मीटरला दिवसाला साधारण एक ग्रॅम. तेच पाणी साचू दिलं की उरलेला वेग त्याच्या सुमारे दहा हजारावा भाग. मुलांना मी हे वर्षांत काढायला लावलं. घनता २.७५ धरली तर एक ग्रॅमचा वेग म्हणजे वर्षाला ०.१३ मिलिमीटर, हजार वर्षांत १३ सेंटिमीटर. ला हागच्या डब्याचा व्यास ४३ सेंटिमीटर आहे, म्हणजे त्रिज्येचा अर्ध्याहून जास्त भाग गेला. दहा हजारावा भाग धरला तर हजार वर्षांत १३ मायक्रॉन, केसाच्या जाडीहून कमी. तीच काच, तेच तापमान. ओतलेली काच थंड होताना तडकते, त्यामुळे पाण्याला लागणारा पृष्ठभाग वरून दिसतो त्याहून कित्येक पट असतो, हेही त्यांना हिशेबात धरायला सांगितलं. तापमानाचा हिशेब वेगळा: २५ अंशांवरून ९० वर गेलं की सुरुवातीचा वेग शंभर-दोनशे पटींनी वाढतो.

मोजताना बोरॉनवर नजर ठेवतात, याचं कारण मुलांना फार आवडलं. सिलिका निघून परत थरात बसते, म्हणून ती खोटी साक्ष देते. बोरॉन एकदा निघाला की परत बसत नाही. पाण्यात किती बोरॉन आला यावरून किती काच खरोखर बदलली ते कळतं.

हजार वर्षांचं कुणी पाहिलंय, हा सावर्ड्याच्या मुलाचा प्रश्न. रास्त प्रश्न. फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ, आंबिए बेटापाशी बुडालेल्या एका रोमन जहाजातले काचेचे मोठे ठोकळे सुमारे अठराशे वर्षं भूमध्य समुद्रात होते. तड्यांनी भरलेले, कचऱ्याच्या काचेसारखेच. समुद्राचं पाणी जिथे वाहत राहिलं त्या बाहेरच्या बाजू जास्त झिजल्या. आतल्या अरुंद भेगा बदललेल्या काचेनेच बुजल्या आणि तिथे झीज खूपच कमी झाली. आमच्या दोन बाटल्या, अठराशे वर्षांच्या.

मग कमी पाणी म्हणजे सुरक्षित?

इथे प्रकरण मिटलं असतं तर माझ्याही मनाला बरं वाटलं असतं. पण मुलाने एक अडचण आणली. त्याच्या काकांचं काच आणि ॲल्युमिनियमच्या खिडक्यांचं दुकान आहे. पावसाळ्यात उभ्या रचून ठेवलेल्या काचांच्या मध्ये दमट हवेतलं पाणी शिरतं. दोन काचांमध्ये पाण्याचा पापुद्रा, कागदाहून पातळ. सिद्धांताप्रमाणे इतक्या थोड्या पाण्यात सिलिका लगेच साचायला हवी आणि काच सगळ्यात सुरक्षित राहायला हवी. प्रत्यक्षात त्याच काचा सगळ्यात आधी खराब होतात. आधी इंद्रधनुषी झाक, मग पुसून न जाणारा पांढरा ढग. काका त्याला बुरशी म्हणतात. गोव्यात बहुतेक सगळेच म्हणतात. ती बुरशी नाही. काचेचंच अंग सुटलेलं आहे.

उत्तर सामूत आहे. थोड्या पाण्यात सिलिका साचते, तसा अल्कही साचतो. सामू चढत नऊ-दहाच्या पुढे गेला की सिलिकाच जास्त विरघळू लागते आणि साचण्याची मर्यादाच पुढे सरकते. मानशीचं दार मिटलं खरं, पण आतलं पाणी आता दाराचं लाकूडच खाऊ लागलं. म्हणून काच कारखान्यातून निघताना दोन काचांमध्ये कागद किंवा सौम्य आम्लाची भुकटी घालतात.

कचऱ्याच्या काचेत असं का होत नाही? तिच्या पोटात बोरॉन आहे. सोडियमबरोबर तोही पाण्यात उतरतो, बोरिक आम्ल आणि बोरेट यांची जोडी तयार होते आणि ती सामूला नऊच्या आसपास धरून ठेवते. कारखान्यात बोरॉन घालतात तो काच कमी तापमानावर वितळावी म्हणून, आणि तोच पुढे पाण्यात गेल्यावर काचेला सांभाळतो. हे मला मनापासून सुंदर वाटतं. तरी निश्चिंती नाही. बाहेरून अल्कधर्मी पाणी आलं, उदाहरणार्थ सिमेंट काँक्रीटमधून झिरपलेलं, आणि सामू साडेदहाच्या वर चढला तर गरम पाण्यात झिओलाइट नावाच्या खनिजाचे स्फटिक वाढू लागतात. ते संरक्षक थरातलं ॲल्युमिनियम आणि सिलिका ओढून घेतात आणि थंडावलेली झीज पुन्हा वेग घेते. अभ्यासकांची आजची खरी धास्ती याची आहे. वादविवादात कुणीच हा मुद्दा काढला नव्हता.

मुलांनी शेवटचा प्रयोग स्वतः सुचवला आणि मी फक्त होकार दिला. काकांच्या दुकानातल्या नव्या काचेचे नखाएवढे दोन तुकडे. दोन बाटल्यांत सारखी काचेची पूड आणि मोजकं पाणी, पूड अशासाठी की अल्क लवकर साचावा. एका बाटलीत चमच्याच्या टोकावर बोरिक पावडर, कॅरमवर टाकतात तीच, फक्त प्रयोगशाळेतली शुद्ध. चतुर्थीच्या सुट्टीआधी ओव्हनमध्ये ठेवल्या. सुट्टीत पहाऱ्याला प्रयोगशाळेतले बाब होते, रोज तापमान वहीत लिहून ठेवत.

सुट्टीनंतर उघडल्या. साध्या पाण्याचा सामू अकराच्या जवळ, बोरिकवाल्याचा नऊला थोडा वर. तुकडे चिमट्याने काढून गाळणकागदावर, खिडकीपाशी ठेवले. ओले असताना दोन्ही सारखेच दिसत होते आणि मुलांचे चेहरे पडले. मग वाळू लागले. पहिल्या तुकड्यावर कडेपासून पांढरेपणा सरकत आला, आणि बघता बघता त्याला भेगा पडल्या, उन्हाळ्यात खाजनातला चिखल तडकतो तशा, चौकोनी, कडा किंचित वर वळलेल्या. मडकईच्या मुलीने नखाने टोकरलं तर एक खवला सुटून तिच्या बोटाला चिकटला. प्रकाशात धरला तर निळा-जांभळा. दुसरा तुकडा काणकोणच्या मुलीने उचलला आणि स्वतःच्या वहीवर, जिथे पहिल्या आठवड्याचे 'चुकलेले' आकडे होते, तिथे ठेवला. काचेखालून प्रत्येक आकडा वाचता येत होता.